मावंल, पण कुठल्या तोंडात?

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "खाणीत मोठं मशीन स्वस्त पडतं की लहान, हे साध्या माणसाला कळेल असं लिहा. तुमची उभी हयात त्यात गेली." मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवला आणि घाम फुटला. कारण खरं सांगायचं तर मला हे आजही नीट माहीत नाही.

माझं नाव निवृत्ती. नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी सगळ्यांनी यावर विनोद करून घेतला, तुम्हीही मनातल्या मनात करून घ्या, म्हणजे पुढं जाता येईल. कडेगावच्या वरच्या अंगाला एका माळावर दगडाची खाण आणि तिला लागून खडीचा क्रशर, तिथं मी फोरमन. फोरमन म्हणजे सगळ्यांनी ज्याला शिव्या द्यायच्या तो. मालक वरून द्यायचे, डंपरवाले खालून द्यायचे, आणि गिऱ्हाईक ऑफिसच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसून चहा पीत द्यायचं.

आधी धंदा सांगतो. आपल्याकडचा दगड काळा, टणक. त्याला यंत्रानं खोल भोकं पाडायची, त्यात दारू भरून सुरुंग उडवायचा. कडा कोसळतो, खाली धोंड्यांचा ढीग पडतो. तो ढीग पोकलेननं डंपरमध्ये भरायचा. डंपर चढावरून वर येतो आणि क्रशरमध्ये ओततो. क्रशरचे दोन लोखंडी जबडे दगड चावतात, आणि पट्ट्यावरून खडी पडते. ती घरात, रस्त्यात, धरणात जाते. एवढंच. बारावी नापास माणसाला एका दिवसात समजेल असं काम आहे. मला समजलं, आणि मी बारावी नापास आहे.

आता एक शब्द लक्षात ठेवा, तोंड. आमच्यात प्रत्येक गोष्टीला तोंड असतं. रस्ता दोन कड्यांच्या मधून खाली उतरतो ते खाणीचं तोंड. जबड्याच्या वर जिथं दगड ओततात ते क्रशरचं तोंड. पोकलेनच्या पुढच्या लोखंडी बकेटलाही तोंड. आणि माणसांना तर असतंच, खाणीवर जरा जास्तच असतं. हे सगळे शब्द आम्ही दिवसभर वापरायचो, कुठलं तोंड ते समोर बघून कळायचं. फोनवर मात्र समोर काही नसतं.

दस्तगीरची ओळख करून देतो. आमच्याकडे दोन लहान पोकलेन होती, त्यातलं जुनं दस्तगीर चालवायचा. कडेगावचाच. आम्ही एकाच वयाचे, एकाच साली खाणीवर लागलो. अंगानं थोराड, बोलायला कमी, हात असा हलका की बकेटच्या दातानं जमिनीवरची काडेपेटी उचलून दाखवायचा. गिऱ्हाइकांना मी मुद्दाम तो खेळ दाखवायला लावायचो. दस्तगीर चिडायचा. "मी काय डोंबारी हाय व्हय रं?" म्हणायचा, आणि काडेपेटी उचलायचा.

त्याची एक सवय होती. ढिगात मोठा धोंडा आला, बकेटमध्ये बसेना, की तो हळूच बाजूला ढकलून ठेवायचा. असे दहा-बारा साठले की दुपारी डंपर जेवायला गेल्यावर एक धोंडा वर उचलून दुसऱ्यावर आपटायचा. फुटला की भरायचा. मला वाटायचं, हा दुपारचा टाइमपास करतोय, डिझेल जाळतोय. दोनदा बोललोही त्याला. तो म्हणाला, "बरं." आणि तेच करत राहिला.

आमचे मालक आबा. राहायला इस्लामपूरला, घरचा ऊस, पण जीव खाणीत. माणूस मनाचा चांगला, डोक्याचा तापट. एकदा ते महामार्गाच्या मोठ्या कामावर खडी पुरवायची बोलणी करायला गेले आणि तिथं कुणाची तरी अवाढव्य खाण बघून आले. आले ते वेगळेच होऊन आले.

"निवृत्ती, आपुन पोरखेळ करतुया. तिथं एक मशीन आपल्या दोन मशिनचं काम करतंय. एकच डायवर! आपले दोन डायवर, दोन मशीन, दोनदा ग्रीस, दोनदा दुरुस्ती. कशाला?"

मी म्हणालो, "खरं हाय आबा."

इथून माझा गोंधळ सुरू झाला, तो तुम्हालाही वाटून देतो. मशीन विकणारा साहेब शेडमध्ये आला आणि त्यानं कागदावर दाखवलं की मोठं मशीन एका ब्रास दगडामागं कमी डिझेल खातं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बरोबर होतं. मी म्हणालो, पण तासाला किती खातं? तासाला ते लहानाच्या दुपटीच्या आसपास खात होतं. तेही बरोबर होतं. आबा म्हणाले, ते ऱ्हावू दे, महिन्याला काय पडंल ते सांगा. महिन्याचं उत्तर मशीन किती तास मोकळं उभं राहील त्यावर होतं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. तिघांची तीन उत्तरं, तिन्ही खरी. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलोच नाही नीट. बायको म्हणाली, "कुणी गेलं का?"

अशा घोळाची मला सवय असायला हवी होती. एक गुरुजी घर बांधत होते, ते ट्रॅक्टरभर पाऊण इंची खडी न्यायला यायचे. प्रत्येक वेळी खिशातून फूटपट्टी काढून खडा मोजायचे. "हा एकीकडून पाऊण आहे, दुसरीकडून सव्वा आहे. नेमकी कुठली बाजू पाऊण?" मी सांगायचो, गुरुजी, चाळणीच्या भोकातून पडला की तो पाऊण. ते म्हणायचे, "म्हणजे भोक पाऊण. खडा नव्हे." मी हसायचो. आम्ही सगळेच हसायचो त्यांना. आता वाटतं, माप कशाचं हे विचारणारा तेवढा एकच शहाणा आमच्याकडे येत होता. एकच का, दोन होते. दुसऱ्याचं पुढं सांगतो.

तर आबा शिरवळच्या बाजूला मशीन बघायला गेले. दुपारी त्यांचा फोन आला. क्रशर चालू, धडधडाट, मी एका कानात बोट घालून शेडच्या दारात उभा. तिकडं ते ओरडत होते, इकडं मी.

"निवृत्ती! मशीन लय म्होटं हाय! आपल्या तोंडात मावंल का?"

मी समोर बघितलं. समोर खाणीचं तोंड होतं. दोन कड्यांच्या मधला रस्ता, ट्रेलर आरामात उतरेल एवढा. मी ओरडलो, "मावंल की आबा! तोंड लय मोठं हाय आपलं!"

"नक्की?"

"नक्की!"

त्या एका ‘नक्की’चा मला तेव्हा भारी अभिमान होता. मालकानं एवढ्या मोठ्या खरेदीला आपल्याला विचारलं, म्हणून मी जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवत बसलो. डबे उघडलेले, दस्तगीर भाकरी मोडत होता. मी सांगितलं, "आबांनी इचारलं, तोंडात मावंल का. मी म्हणालो, मावंल."

दस्तगीरनं मान वर केली. "कुठलं तोंड?"

आता तो हे कसं म्हणाला ते मी इतक्यांदा आठवलंय की खरं काय आणि मी लावलेलं काय ते वेगळं करता येत नाही. तेव्हा मला वाटलं, याला मोठं मशीन नको आहे. ते आलं की याचं लहान मशीन जाणार, म्हणून खोडा घालतोय. आणि चारचौघांत माझ्या ‘नक्की’ला हा प्रश्न विचारतोय याचाही राग आला. मी म्हणालो, "तुजं! मीट आता."

असा हशा पिकला म्हणता! एकाला तर ठसका लागला. दस्तगीरही हसला. मग खाली बघून भाकरी खायला लागला.

संध्याकाळी आबांचा परत फोन. मशीन ठरलं होतं. मशीनवाले एका माणसाला शिरवळला आठ दिवस शिकवणार होते. "दस्तगीरला धाडू का?"

मी म्हणालो, "नगा आबा. त्येला आवडत न्हाई म्होटं मशीन. त्येला आपलं लहानच बरं वाटतंय."

मग आबांच्या मेहुण्याच्या ओळखीचा सचिन नावाचा तरणा ऑपरेटर गेला. पोरगं चांगलं होतं, त्याचा काही दोष नाही. मी दस्तगीरला वाचवलं असंच मला वाटत होतं, हेही सांगून टाकतो. या वयात नवं शिकायचं कशाला आणि लोकांची बोलणी कशाला खायची, असा माझा विचार. माणूस स्वतःला किती सोयीचं समजावतो!

मशीन आलं. खाणीच्या तोंडातून ट्रेलर डौलात उतरला, मी पुढं चालत हात दाखवत होतो. नारळ फोडला, पेढे वाटले. दस्तगीर मशिनभोवती दोन फेऱ्या मारून आला, चेनवर हात ठेवून उभा राहिला. मी म्हणालो, "घाबरू नगंस, तुजं मशीन कुठं जात न्हाई." त्यानं चेनवरचा हात काढून घेतला.

पहिले चार दिवस आम्ही नुसते बघत होतो. लहान मशिनला एक डंपर भरायला सहा-सात बकेटा लागायच्या, हे तीन बकेटांत भरायचं. पण तीन बकेटांत डंपर भरून गेला की पुढचा डंपर कुठं होता? चढावर. रस्ता एकेरी, वरचा उतरल्याशिवाय खालचा चढायचा नाही. मोठं मशीन इंजिन चालू ठेवून उभं, सचिन केबिनमध्ये गाणी ऐकतोय. उभ्या उभ्या ते जेवढं डिझेल प्यायचं तेवढ्यात दस्तगीरचं निम्मं काम झालं असतं. आबांनी भाड्यानं आणखी दोन डंपर आणले. आता मशीन कामात राहायला लागलं, तर डंपरांची रांग क्रशरपाशी लागली.

कारण क्रशर अडकायचा. आणि का अडकायचा, हे कळायला मला पंधरा दिवस लागले, याची लाज वाटते. मोठ्या बकेटमध्ये काहीही मावायचं. दस्तगीरच्या बकेटमध्ये न मावणारा जो धोंडा बाजूला पडायचा, तो हे मशीन सहज उचलून डंपरमध्ये टाकायचं. सचिनचं काय चुकलं? त्याला भरायला सांगितलं, त्यानं भरलं. डंपर वर येऊन ओतायचा आणि धोंडा क्रशरच्या तोंडात आडवा बसायचा. मग क्रशर बंद, पट्टा बंद, सगळे डंपर बंद, पहारी घेऊन माणसं कडेला उभी. म्हणजे इतकी वर्षं लहान बकेट ही आमची चाळणी होती. पगार मात्र आम्ही तिला फक्त भरण्याचा देत होतो.

एक दिवस आबा आले त्याच वेळी क्रशर अडकलेला. म्हशीएवढा धोंडा तोंडात रुतला होता. मोठं मशीन तिथवर नेता येईना, भराव खचला असता. शेवटी दस्तगीर आपलं जुनं मशीन घेऊन खडखडत वर आला. दोघांनी कडेवरून वाकून तारेचा दोर अडकवला, आम्ही सगळे मागं सरलो, आणि त्यानं तो धोंडा हळूहळू, दाढ काढावी तसा बाहेर काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी नाही.

"तोंडात मावंल म्हणाला हुतास की रं निवृत्ती!"

"मी खाणीच्या तोंडाचं म्हणालो आबा."

"आरं, खाणीचं तोंड मला दिसत न्हाई व्हय? मी क्रशरचं इचारलं हुतं, ह्याचा धोंडा त्यात मावंल का म्हून!"

सगळी माणसं उभी. मी म्हणालो, "फोनवर नीट ऐकू आलं न्हाई." खोटं बोललो. शब्दन् शब्द ऐकू आला होता. दस्तगीर केबिनमधून माझ्याकडं बघत होता. त्यानं फक्त एकदा तोंड उघडलं असतं, ‘मी त्याच दिवशी विचारलं होतं’ एवढं म्हणाला असता, तर माझी नोकरी तिथंच संपली असती. तो नाही बोलला. मशीन मागं घेतलं आणि खाली गेला.

मग महिन्याचा आकडा आला. मोठं मशीन, वर दोन्ही लहान मशीन, वर भाड्याचे डंपर. आबा म्हणाले, मोठं आणलं ते लहान काढण्यासाठी, आणि आपण तर सगळीच पोसतोय. लहान काढा. मला विचारलं, "तुला काय वाटतं?" आता म्हणायला हवं होतं, आबा, एक तरी ठेवा, दस्तगीरला ठेवा, त्याच्याशिवाय हे मोठं चालत नाही. पण माझा एक ‘नक्की’ आधीच अंगाशी आला होता. मला काही नक्की वाटेचना. डोक्यात ब्रास, तास आणि महिना एकमेकांत गुंतले होते. मी म्हणालो, "बघा, तुमच्या मनाला येईल तसं."

हे वाक्य मी आयुष्यात परत कधी उच्चारलं नाही.

लहान मशीन न्यायला ट्रेलर आला त्या दिवशी दस्तगीरनं स्वतःच ते वर चढवलं. खाली उतरला, फडक्यानं हात पुसले, फडकं माझ्याकडं दिलं. म्हणाला, "ऱ्हावू दे तुज्याकडं." आणि गाडीला किक मारून गेला. मग तो शेततळी खणायच्या कामावर लागला असं ऐकलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगायला बरं वाटत नाही. धोंडे फोडायला ब्रेकर भाड्यानं आणला. त्याच्या पाठोपाठ भाडं वाढलं. वर्ष-सव्वा वर्षात आबांनी मोठं मशीन विकलं आणि पुन्हा दोन लहान मशीन आणली. मी दस्तगीरला फोन केला. "ये की परत." तो म्हणाला, "न्हाई रं. हितं बरं हाय." मी दोनदा विचारलं नाही. खरं म्हणजे तो नको म्हणाला याचं मला थोडं हायसंच वाटलं. रोज त्याच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

हे सगळं माहीत असून संपादकांना काय लिहून देऊ? मोठं महाग, लहान स्वस्त? पण मी त्या मोठ्या खाणी नंतर बघितल्यात. तिथं हीच मोठी मशीन सोनं पिकवतात. मग आमच्यात काय बिनसलं? लेख काही जुळेना. शेवटी उठलो आणि कडेगावला दस्तगीरकडं गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याचं आता मशिनच्या तेलाचे पाइप दुरुस्त करायचं दुकान आहे, मुलगा बघतो, हा खुर्ची टाकून बसतो. मला बघून उठला. "आरं निवृत्ती! वाट चुकलास व्हय?" आत बघून ओरडला, "च्या ठेवा, खाणीवरचा सायेब आलाय!" मी बसलो आणि सरळच विचारलं, "दस्तगीर, एक सांग. मोठं स्वस्त की लहान?"

"म्होटं," तो म्हणाला. विचारही केला नाही.

मी म्हणालो, "तू तर लहानाच्या बाजूचा."

"कोण म्हणालं?"

"आरं, तूच न्हाई का…" आणि माझ्या लक्षात आलं की तो असं कधीच म्हणाला नव्हता. मीच म्हणालो होतो, आबांना, फोनवर.

चहा आला. दस्तगीर बोटानं टेबलावर टिंबं काढायला लागला. "ही सुरुंगाची भोकं. आपुन लांब लांब घ्यायचो, म्हून धोंडा म्होटा निघायचा. जरा जवळजवळ घेतली असती तर बारीक निघाला असता. दारू जास्त लागली असती, पर क्रशर अडाकला नसता. वर चढाचा रस्ता दुहेरी करायचा. मग म्होटंच स्वस्त, डोळं झाकून." त्यानं टिंबं पुसली. "आबा बघायला जायाच्या आदीच म्या क्रशरचं तोंड काठीनं मोजून ठेवलं हुतं. म्हणून तर इचारलं तुला, कुठलं तोंड. त्ये मशीन टिकाया पायजे हुतं रं आपल्यात. मला चालवायचं हुतं त्ये. शिरवळला जायाला नवा शर्ट आणला हुता म्या."

मी बशी टेबलावर ठेवली. मी म्हणालो, "दस्तगीर, शिरवळला तुजं नाव मीच कापलं."

"ठावं हाय. आबांनी सांगितलं हुतं तवाच."

"तवाच? मग त्या दिवशी क्रशरपाशी बोलला का न्हाईस? काठीनं मोजलं हुतंस तर आदी का न्हाई बोललास? माज्या एका शब्दापायी तुजं मशीन गेलं, दस्तगीर, काम गेलं. एकदा तरी बोलायचंस!"

तो हसला. अगदी त्या दिवशी डबा खाताना हसला होता तसाच.

"बोललो की. कुठलं तोंड म्हणून इचारलं. तू म्हणालास, तुजं, मीट आता." त्यानं बशी माझ्याकडं सरकवली. "मिटलं. च्या पी, निवला."